सरावाचा ठराव

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या भागातली हवा खाजरी होते. भुसा मानेवर बसतो, डोळ्यांत जातो, भाकरीत येतो. ऊन वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागतं. कापूस फुटलेला असतो, पण वेचायला माणूस सापडत नाही, कारण ज्याच्या त्याच्या दारात कानस घेऊन कोयत्याला धार लावणं चाललेलं असतं. तो आवाज दाताला झोंबतो. दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येऊन गावाच्या तोंडाशी उभ्या राहतात. मग पत्रे, बांबू, चुलीच्या विटा, पिठाचे डबे, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि लेकरं, सगळं त्यात चढतं आणि अर्धं गाव ऊस तोडायला निघून जातं.

नेमकी हीच वेळ मी रिक्षात बसून माईकवर बोलत फिरण्याची असते. यंदाही फिरतेय. मागच्या आठवड्यात पाटोद्याकडच्या एका गावात होते. माईकच्या तोंडाला स्पंजाची टोपी असते. त्या टोपीला वास असतो. माझ्याआधी तिच्यात कुणी गाद्या विकलेल्या असतात, कुणी मतं मागितलेली असतात, कुणी कुणाच्या मयताची वेळ सांगितलेली असते. सगळ्यांच्या तोंडाचा आंबट वास एकत्र घेऊन मी म्हणते, ‘‘गावकरी मंडळी, ग्रामसभा कशी घ्यायची, ग्रामसभेत कसं बोलायचं, याचं शिक्षण आपल्या गावात आहे.’’ पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाराजवळून कुणीतरी ओरडतं, ‘‘बाई, जेवन हाय का?’’

जेवण असतं. मी तेही माईकवर सांगते. लाजत नाही.

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. आई-बाप दोघं ऊसतोडीचे. मी माजलगावला खोली करून बी.ए. केलं, पहिल्या वर्गात. हे मी प्रत्येक ओळखीत सांगते. लोक कंटाळतात. कंटाळू देत. ज्यांच्या आजोबांनी पदव्या घेतल्या त्यांना पदवी भिंतीवरच्या घड्याळासारखी वाटते. मला ती अजून अंगावरच्या नव्या कपड्यासारखी वाटते, टोचते पण घातलेली कळते. डिग्री झाल्यावर एका संस्थेत लागले. संस्था गावोगाव एक दिवसाचं शिबिर घेते. सभेची नोटीस कधी काढायची, विषय कसे मांडायचे, हजर माणसं कशी मोजायची, ठराव कसा करायचा, हे शिकवते. शिकवायला बीडहून सर येतात. माणसं आणायचं काम माझं. आणि मी माणसं आणते. माझ्या शिबिरात सतरंजी कधी रिकामी राहिलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एकदा शिबिर माझ्याच गावात होतं. वडवणीहून आत, फाट्यापासून रस्ता खडीचा होतो तिथलं आमचं गाव.

आमच्या गावची ग्रामसभा तोवर कशी व्हायची, ते सांगितलं पाहिजे. मारुतीच्या पारावर व्हायची. सरपंच एक बाई होत्या. त्या डोक्यावरचा पदर धरून खुर्चीत बसायच्या आणि बोलायचे त्यांचे मालक. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. चहा यायचा, आबा बोलायचे, कुणीतरी गटारीवरून कुणाची तरी आई-बहीण काढायचं, एखादा पिऊन आलेला भाषण करायचा, बाया लांब भिंतीला टेकून बघायच्या. तासाभरात सभा संपली की चालू आहे तेही कळायचं नाही. पण त्या गोंधळात कधीकधी एखाद्याचं काम होऊन जायचं. सुमनकाकूची सासू, खंगलेली म्हातारी, एकदा भर सभेत पारावर आडवी पडली. ‘‘आमच्या आळीला नळ द्या, न्हाईतर मला हितंच जाळा,’’ म्हणाली. उठेना. लोक हसले, ओरडले, आबांनी शिव्या घातल्या, आणि उठवायला म्हणून नळ कबूल केला. ते कुठल्याच नियमात बसत नव्हतं. नळाला मात्र पाणी आलं.

ही सुमनकाकू आमच्या घरामागची. नवरा-बायको दोघं दरसाल तोडीला जातात. पूजा त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा सातवीत.

आपल्याच गावात माईक घेऊन फिरणं सगळ्यात अवघड. परक्या गावात मी मॅडम असते, इथं धोंडीबाची पोरगी. रिक्षा युनूसभाईंची होती. ते पुढून सांगायचे, ‘‘बेटा, माईक तोंडाला लावू नको, फाटतंय.’’ पानटपरीवर पोरं उभी होती. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘‘मंगल, सभा कशी घ्यायची ते शिकिवतीस व्हय? आधी सैपाक शिकून घे, नांदायचंय तुला.’’

मी माईक बंद न करता म्हटलं, ‘‘तुझी दहावी किती वर्षं चाललीय, ते पण सांगू का माईकवर?’’

बाकीचे पोटभर हसले. ‘‘घे बे, अजून पाहिजेल का?’’ त्याला एकाने पाठीत धपका घातला. युनूसभाईंनी रिक्षा जोरात पुढं काढली.

सुमनकाकू डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येत होती. तिने रिक्षा थांबवली. भारा खाली ठेवला नाही, तसाच डोक्यावर धरून म्हणाली, ‘‘मंगल, त्या सभेत बाईमानसानं बोललं तर चालतंय का?’’

‘‘बोलायलाच बोलावलंय, काकू.’’

‘‘न्हाई म्हंजी, वसतिगृहाचं बोलायचं व्हतं.’’

पोरं आईबापांबरोबर तोडीला गेली की त्यांची शाळा बुडते. म्हणून हंगामापुरतं गावात सरकारकडून वसतिगृह मिळतं. आईबाप तिकडं, लेकरं इथं, शाळा चालू. आमच्या गावाला ते मिळत नव्हतं कारण गावाने मागितलंच नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी काकूला सांगितलं होतं की ग्रामसभेचा ठराव द्या, मी मागणी पुढं पाठवतो.

‘‘पूजाला औंदा न्यायची न्हाई मला,’’ काकू म्हणाली. ‘‘लहान हुती तवर ठीक हुतं. आता उसाच्या फडात उभी राह्यली की तिची उंची सगळ्यास्नी दिसती. मुकादमाच्या वळखीचे लोक इचारतेत, कुनाची पोरगी. मागल्या साली दोघं बघून गेले.’’

भाऱ्याखाली तिची मान थरथरत होती. मी म्हटलं, ‘‘या. पुढं बसा. हात वर करा आणि बोला.’’

शिबिराला एवढी माणसं आली की समाजमंदिराची दारं उघडी टाकून बाहेर ताडपत्री अंथरावी लागली. मला त्या दिवसाचा अभिमान आहे, आजही आहे. बाया भिंतीला टेकून नव्हत्या, पुढं होत्या. आबा आले होते, सरपंचबाई आल्या होत्या, ग्रामसेवक आले होते. सरांनी खडूने फळ्यावर लिहून एकेक गोष्ट सांगितली. नोटीस मुदतीत काढायची. विषय आधी लेखी द्यायचा, तरच तो सभेपुढं येतो. ठरलेली संख्या भरली नाही तर सभा तहकूब करायची. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिथं संख्येची अट नाही, पण नवा विषयही घेता येत नाही. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा. एका वेळी एकानेच बोलायचं. आबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मी त्यांना इतकं लक्ष देऊन काही ऐकताना कधी बघितलं नव्हतं.

जेवणानंतर सर म्हणाले, ‘‘आता आपण सराव करू. समजा, ही ग्रामसभा आहे.’’

सरपंचबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं. ग्रामसेवक लिहायला बसले. सरांनी विचारलं, कुणाला विषय मांडायचा आहे? सुमनकाकूचा हात वर गेला. ती उभी राहिली. पदर खोचला, आणि कुठंही न अडखळता बोलली. लेकरांची शाळा, पोरींचं वय, गुरुजी काय म्हणाले, सगळं. कुणी मधे बोललं नाही. समाजमंदिरात तिच्या आवाजाशिवाय फक्त पंख्याची कुरकुर होती. सरांनी विचारलं, अनुमोदन कोण देतंय? आबा उठले. हसून म्हणाले, ‘‘म्या देतो. चांगला विषय हाय.’’ मग हात वर झाले. पानटपरीवरच्या पोरांचेही झाले. ‘‘ठराव एकमताने मंजूर,’’ सर म्हणाले. टाळ्या पडल्या. मी फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो स्टेटसला लावून मी पुढच्या गावांच्या पुकाऱ्याला निघून गेले.

सुमनकाकूने ‘सराव’ हा शब्द ऐकला होता. तिला तो कळतही होता. पोरं पंधरा ऑगस्टच्या आधी कवायतीचा सराव करतात, तिला माहीत होतं. पण खुर्चीत खरी सरपंच होती. लिहायला खरा ग्रामसेवक होता. अनुमोदन खुद्द आबांनी दिलं होतं आणि हात सगळ्या गावाने वर केले होते. मग त्यात खोटं काय उरलं? पारावरचा तो आरडाओरडा खरी सभा, आणि जिथं सगळे गप बसून तिचं ऐकतात ती खोटी, हे तिच्या डोक्यात कसं यावं? तिने आयुष्यात बघितलेली पहिली नीट सभा ती होती.

दुसऱ्या दिवशी ती ताटात साखर घेऊन आळीत फिरली. ‘‘ठराव झाला, आमची पूजा हितं राहनार.’’

आता माझ्या गावाचं ऐका. माझं गाव साखर खायला पुढं आलं. लोकांनी चिमटीने साखर घेतली आणि तोंडावर म्हणाले, ‘‘लई झ्याक झालं, काकू.’’ ती पुढच्या दाराला गेली की मागं एकमेकांना कोपरं मारली. पानटपरीवर तिला बसवून पुन्हा भाषण करायला लावलं. तिने केलं. ‘‘अनुमोदन कुनाचं, काकू?’’ एकाने विचारायचं आणि ती ‘‘आबांचं’’ म्हणाली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हा खेळ चार-दोन दिवस चालला. ती आबांच्या दारात गेली, तर आबांनीही साखर घेतली. तिने पूजाला पत्र्याची पेटी आणली, नवी ताटली आणली, पांघरूण शिवून ठेवलं. सगळ्या गावाने ते पांघरूण शिवताना बघितलं. खरी ग्रामसभा तोंडावर आली होती आणि विषय लेखी द्यायची मुदत संपत होती. ‘काकू, ते खरं नव्हतं, उद्या अर्ज दे,’ एवढं एक वाक्य कुणाच्याही तोंडातून निघालं असतं तरी भागलं असतं. निघालं नाही. मजा मोडली असती.

मी नंतर माझ्या आईला विचारलं. ‘‘तू खाल्लीस साखर?’’

‘‘खाल्ली.’’

‘‘आणि सांगितलं नाहीस?’’

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. ‘‘मी हसले न्हाई, मंगल. सगळे हसले, मी न्हाई हसले,’’ म्हणाली. माझी आई वाईट बाई नाही. तिच्या मते तिचा वाटा तिने केला होता.

खऱ्या ग्रामसभेला मी सुट्टी काढून आले. सभा समाजमंदिरात होती, पारावर नाही. ही शिबिराची कमाई. आबांनी माणसं मोजायला लावली. आमच्या गावात माणसं मोजण्याची ही पहिली वेळ. निम्म्या घरांतले लोक बांधाबांधीत होते, संख्या भरली नाही. सभा तहकूब झाली. थोड्या वेळाने तीच माणसं त्याच सतरंजीवर पुन्हा बसली आणि सभा पुन्हा सुरू झाली. ग्रामसेवकाने विषय वाचले. गटार, दिवाबत्ती, स्मशानभूमीचं कुंपण. वसतिगृह नव्हतं.

काकूचा हात वर गेला. तिला वाटलं, वाचायचं राहिलं.

‘‘बोला, काकू,’’ आबा म्हणाले. इतक्या आदराने त्यांनी तिला आयुष्यात बोलावलं नसेल.

‘‘वसतिगृह कवा सुरू व्हनार, तेवडं सांगा. आमी परवा निघनार हावोत.’’

‘‘त्यो विषय पत्रिकेत न्हाई, काकू. आन तहकूब सभेत नवा विषय घेता येत न्हाई. आपल्या मंगलच्याच सरांनी शिकिवलंय. इचारा तिला, बसलीय की.’’

‘‘नवा कसा? तुमीच तर अनुमोदन दिलंतं!’’

आबांनी आधी सगळीकडं बघून घेतलं. मग म्हणाले, ‘‘त्ये सरावाचं व्हतं, काकू. जत्रंतल्या नाटकात लगीन लागलं म्हून नटी कुनाच्या घरी नांदायला जाती का?’’

लोक इतके हसले की काहींना ठसका लागला. साखर खाल्लेले सगळे तिथं होते. आठवडाभर पोटात धरून ठेवलेलं हसू ते. मी उठले. म्हटलं, ‘‘नियम मलाही माहीत आहेत. पण लेकरांचा प्रश्न आहे. ही सभा संपवा आणि याच विषयासाठी उद्याच्या उद्या विशेष सभेची नोटीस काढा. अध्यक्षांना तो अधिकार आहे.’’

‘‘अध्यक्ष त्या खुर्चीत हायत,’’ आबा म्हणाले. ‘‘इचार त्यास्नी. म्या कोन?’’

सरपंचबाईंनी मान वर केली. कधी नव्हे ते सगळ्यांकडं बघितलं, आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, ‘‘मुदतीत बसत न्हाई. नोटिशीची मुदत भरंस्तोवर टोळ्या गेलेल्या असतेत.’’

त्यांच्या कारकिर्दीत खुर्चीतून बोललेलं ते पहिलं वाक्य. आणि बरोबर होतं.

मागून एकजण ओरडला, ‘‘काकू, सासूवानी आडवी पड की! मिळंल!’’

‘‘शांतता,’’ आबा म्हणाले. ‘‘एका वेळी एकानंच बोलायचं.’’

काकू आडवी पडली नाही. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. ती खाली बसली आणि तिने पुन्हा हात वर केला. शिकवलं होतं तसा, कोपर सरळ ठेवून. गटार झाली, दिवाबत्ती झाली, स्मशानाचं कुंपण झालं. तिचा हात वरच होता. दुखला की दुसऱ्या हाताने धरायची. अध्यक्ष कधीतरी ‘बोला’ म्हणतील म्हणून ती थांबली होती. आभार मानले गेले, माणसं चपला शोधायला लागली, तेव्हा पूजानेच येऊन तो हात खाली घेतला.

त्या सभेत नियमाची एकही चूक नव्हती. संस्थेच्या अहवालात आमचं गाव चांगल्या गावांमध्ये गेलं.

पूजाचं लग्न त्याच हंगामात फडावर ठरलं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पूजा आता एका कोयत्याचा अर्धा भाग आहे. मध्यंतरी माजलगावच्या बसस्टँडवर दिसली. कडेवर मूल होतं. मला ‘‘ताई’’ म्हणाली आणि माझ्या पिशवीतली पत्रकं बघून विचारलं, ‘‘अजून त्येच काम का?’’

तेच काम. लोक विचारतात, एवढं होऊन कशाला करतीस. कारण आबांना नियम कळायला एक दिवस पुरला आणि काकूला कळेपर्यंत मुदत निघून गेली. आता मी पुकारताना सगळ्यात आधी सांगते, दुपारची सभा नकली आहे, खरी वेगळी आहे, खऱ्या सभेचा अर्ज आजच लिहून द्या, मी लिहून देते. लोकांना ते माईकवर चांगलं वाटत नाही. सर म्हणतात, मॅडम, प्रसिद्धीत असं बोलू नये. मी बोलते. दुसऱ्या वर्षी आमच्या गावातून अर्ज गेला, मीच लिहिला होता, आणि वसतिगृह मिळालंही. दुसऱ्यांची लेकरं त्यात राहिली. आबांनी फीत कापली.

पण हा भुसा मानेवर बसायला लागला की मला ते वसतिगृह आठवत नाही. निघायचा दिवस आठवतो. ट्रॉली भरत आली होती. पूजा गाठोड्यांवर बसली होती, कुणाकडंच बघत नव्हती. मी काकूजवळ गेले. कामाचंच बोलले. ‘‘काकू, पुढच्या साली मुदतीआधी लेखी द्यायचं. मी स्वतः लिहून देते.’’

‘‘दे की,’’ ती म्हणाली. ती दोर आवळत होती. दाताने गाठ ओढली, मग बोलली. ‘‘पर मंगल, येक सांगू का? आजपस्तोर मला वाटायचं, आपलं कुनाच्या कानावरच पडत न्हाई. समदे वरडतेत, त्यात आपला आवाज कुटं पोचनार. पोचला तर करतील, मानसंच हायत. आता तर कुनी वरडत नव्हतं. समद्यांनी नीट ऐकलं.’’

एवढं बोलून ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि पूजाला म्हणाली, ‘‘सरक जरा.’’